बिघडत नाही, हात लावा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा मला "यंदा तू बोल" म्हणून सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. व्याख्यान देणे हे शिकलेल्या बायकांचे काम. माझे शिक्षण सातवी. त्यातही आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे, म्हणजे एबीसीडीची आणि माझी ओळख तीन वर्षांची. परंतु त्या म्हणाल्या, "मंगळवार-शुक्रवार तू जे करतेस तेवढंच सांग." तेवढे सांगण्याचे धाडस करते आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपणा सर्वांना ठाऊकच आहे की गेल्या दिवाळीनंतर मंडळाच्या खोलीत दुपारी तीन ते पाच असा लॅपटॉपचा वर्ग आम्ही चालवीत आहो. लॅपटॉप दोन. एक देणगीत मिळालेला, दुसरा आमच्या घरचा, तो मी पिशवीत घालून आणते. येणाऱ्या बहुतेक साठीच्या पुढच्या. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या होत्या, आज सात टिकून आहेत. ज्या चौघी सुटल्या त्यांपैकी एक माझ्या चुकीमुळे सुटली होती. ते पुढे सांगेन.

आधी मी या फंदात कशी पडले ते सांगणे भाग आहे, कारण त्यातच सगळे आले. २०२० साली टाळेबंदीत मुलीची शाळा घरात आली, म्हणून ह्यांनी एक जुना लॅपटॉप विकत आणला. मी त्यावर रोज फडके फिरवीत असे, पण उघडीत नसे. देवघरातल्या शाळिग्रामाला आपण जशा जपतो तशी त्याला जपत असे. मग २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या फोनवर एक निरोप आला की तुमचे मागचे बिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, अधिकाऱ्यांशी या नंबरावर बोला. बिल मी स्वतः भरले होते. तरी छातीत धस्स झाले. घरात सासूबाई, दुसऱ्या दिवशी मुलीची परीक्षा. मी फोन लावला. माणूस फार सभ्य बोलत होता, "ताई, ताई" म्हणत होता. त्याने मुलीला लॅपटॉपवर काहीतरी उतरवून घ्यायला लावले, पडद्यावर आलेला आकडा वाचून घेतला आणि दहा रुपये भरा म्हणाला. कार्डावरचे आकडे मी वाचून दाखवले. फोनवर आलेला ओटीपीसुद्धा मीच, माझ्या तोंडाने, सावकाश, त्याला नीट लिहून घेता यावा म्हणून दोनदा सांगितला.

तेवीस हजार रुपये गेले. ते सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले होते.

हे काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. मुलगी रडली. शेजारच्या एका गृहस्थांनी मात्र ओट्यावर उभे राहून निकाल दिला की बायकांनी असल्या भानगडीत पडूच नये. मला ते पटलेही होते. दुसऱ्याच दिवशी मी तो लॅपटॉप माळ्यावर टाकायला निघाले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "विहिरीत घागर बुडाली म्हणून कुणी पाणी शेंदायचं सोडत नाही. ते खाली आण आणि शीक. तुला काही येत नव्हतं म्हणून त्यानं तुला लुबाडलं." दिसत त्यांना धड नव्हते, पण हे त्यांनाच दिसले.

शिकायचे ठरवले खरे, पण शिकवायचे कोणी? मुलीला सांगितले. ती हुशार आहे, मायाळूही आहे. परंतु तिची शिकवण्याची रीत अशी, की मी काही विचारले की "दे इकडे, मी करते" आणि चार वेळा टकटक टकटक. काम झाले. मला काय कळले? काहीही नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी मुले, नातवंडे आहेत त्या आता मान डोलावीत आहेत, मला दिसते आहे. मुलांचा दोष नाही. त्यांची बोटे धावतात, आपली चालतात. शेवटी मी दुपारी दोन वाजता, घरात कोणी नसताना, एक शंभर पानी वही घेऊन एकटीच बसू लागले. जे दाबले ते लिहायचे, काय झाले ते लिहायचे. त्या वहीतून हा वर्ग निघाला आहे.

आता वर्गात आम्ही काय करतो ते सांगते.

पहिल्या दिवशी लॅपटॉप सुरूच करीत नाही. नुसता उघडायचा, मिटायचा, वायर लावायची, काढायची. कारण अडचण यंत्राची नसते, भीतीची असते. "हात लावला आणि बिघडलं तर?" प्रत्येकीच्या तोंडी हेच. मी त्यांना विचारते, प्रेशर कुकर पहिल्यांदा घरी आला तेव्हा काय केलेत? आमच्या सासूबाई शिट्टी झाली की परसदारी जाऊन उभ्या राहत. आज त्याच कुकरकडे पाठ करून त्या शेंगा निवडतात. आणि कुकर खरोखर उडू शकतो, बरे का. लॅपटॉप उडत नाही.

त्याला बिघडवणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्या आपल्या घरातल्याच आहेत. चहाचा कप शेजारी ठेवू नये. सांडला की संपले. ओले फडके फिरवू नये. गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये, कारण त्याच्या बुडाला आणि कडेला हवा जायच्या फटी असतात, त्या बुजल्या की तो तापतो. विजा कडाडू लागल्या की वायर भिंतीतून काढून घ्यावी. आणि वायर माणसांच्या जायच्या-यायच्या वाटेवर नसावी; नातवंड धावत आले, पाय अडकला, की लॅपटॉप खाली आणि आपण आजीच्या नावाने बोल ऐकायला मोकळ्या. एवढे सांभाळले तर बटणे दाबून त्याचे सहसा काही वाकडे होत नाही.

बसण्याविषयी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वर्गातल्या तिघींच्या माना दुखू लागल्या. एकीने तर येणे बंद करते म्हणून सांगितले. नीट पाहिले तर तिघींनाही दोन नजरांचा चष्मा. जवळचे दिसायचे ते काचेच्या खालच्या भागातून, म्हणून त्या हनुवटी वर करून बसत. टेबल उंच, खुर्ची बुटकी. आता आम्ही खुर्चीवर घडी केलेली सतरंजी टाकतो, पडदा थोडा मागे कलवतो आणि अक्षरे मोठी करून घेतो. कंट्रोल हे बटण दाबून ठेवायचे आणि अधिकाचे चिन्ह दाबायचे, की पान मोठे होते. पुन्हा दाबले की आणखी मोठे. उणे दाबले की लहान. हे बहुतेक ठिकाणी चालते. या एका गोष्टीने वर्गात जो आनंद झाला तो हळदीकुंकवातही होत नाही. एक आजी म्हणाल्या, "म्हणजे अक्षरंच बारीक होती होय? मी म्हटलं माझंच काही चुकतंय."

दुसरी पंचाईत बोटांची. लॅपटॉपवर बोट फिरवायची जी गुळगुळीत चौकट असते ती आपल्या बोटांना दाद देत नाही. जन्मभर भांडी घासून, भाकरी थापून बोटांची टोके खरखरीत आणि कोरडी झालेली असतात, वय वाढले की आणखी कोरडी होतात. त्यात बांगड्या मध्येच टेकतात आणि पडद्यावरचा बाण भलतीकडे पळतो. मग बाई म्हणते, मला जमत नाही. जमत नाही असे नाही, ती चौकट आपल्यासाठी केलेलीच नाही. सरळ वायरचा माऊस घ्यावा. तीन-चारशे रुपयांत येतो. मंडळाने दोन घेतले आहेत.

माऊसचे बटण दोनदा झटपट दाबा असे सगळे सांगतात. ते साठीच्या हाताला होत नाही. पहिले दाबणे आणि दुसरे दाबणे यांत तो इतका वेळ जातो की लॅपटॉपला ते दोन वेगळे वाटतात, किंवा मध्येच हात हलतो. मी महिनाभर त्यांच्याकडून ते घोकून घेत बसले, उगीच. त्याची गरजच नाही. एकदा दाबायचे आणि मग एंटर दाबायचे. तेच काम होते. हे मला कोणी सांगितले नाही, वहीत सापडले. बाण हरवला तर सेटिंग्जमध्ये एक सोय करून ठेवता येते, मग कंट्रोल दाबले की बाणाभोवती वर्तुळ उमटते. ही सोय घरातल्या मुलांकडून आजच करून घ्या. तेवढ्यापुरते त्यांना "दे इकडे" म्हणू द्यावे.

माऊसवर हात बसावा म्हणून आम्ही रांगोळी काढतो. पेंट नावाचे एक पान असते, त्यावर रंग, रेघा, सगळे आहे. आधी ठिपके, मग जोडायचे. पहिल्या दिवशी रेघा अशा येतात की जशी मुंगी शाईत बुडून कागदावरून चालली. पण चूक झाली की कंट्रोल आणि झेड. एक रेघ मागे. पुन्हा कंट्रोल आणि झेड, आणखी एक मागे. स्वेटर विणताना टाका चुकला की आपण उसवतो ना, तसेच हे उसवणे. इथे लोकरही खराब होत नाही. हे उसवणे एकदा हाती आले की भीती निम्मी जाते असा माझा अनुभव आहे, म्हणून मी ते लिहायला शिकवण्याच्या आधी शिकवते. आमच्या सासूबाईंचे ऑपरेशन शेवटी सहा महिन्यांनी झाले, हातउसने करून. त्या आता सत्तर वर्षांच्या आहेत आणि पेंटवर नऊ ठिपक्यांचे कमळ काढतात. मागच्या संक्रांतीला मंडळाच्या पत्रिकेवर जी रांगोळी होती ती त्यांची.

इंग्रजीचे काय, असे पुष्कळ जणी विचारतात. पडद्यावरचे सगळे शब्द मराठीत करून घेण्याची सोय आहे. मी ती करून पाहिली आणि परत इंग्रजी केले. कारण सांगते. अडले की आपण कोणाला तरी हाक मारणार, आणि जी मुलगी मदतीला येईल तिला मराठी नावाखाली काही सापडत नाही. वीस-पंचवीस शब्द चित्रासारखे ओळखता आले की काम भागते. सेव्ह, ओपन, क्लोज, बॅक, नेक्स्ट, सर्च, प्रिंट, डिलीट. आणि सगळ्यांत आधी कॅन्सल. काही कळेनासे झाले की कॅन्सल शोधायचे. सांकेतिक शब्द घालताना पडद्यावर अक्षरांऐवजी काळे ठिपके दिसतात. पुष्कळ जणींना वाटते उमटतच नाही, म्हणून त्या दाबीत राहतात. उमटत असते. शेजारच्याला दिसू नये म्हणून झाकलेले असते. आणि बरोबर घालूनही चूक म्हणत असेल तर कॅप्स लॉकचा बारीक दिवा पेटला आहे का पाहावे. माझी एक अख्खी दुपार त्या दिव्याने खाल्ली आहे.

लिहिणे मात्र मराठीतच. इथे मला जरा जास्त बोलू द्या. मराठी लिहिण्याच्या दोन रीती सहज मिळतात. एक म्हणजे इंग्रजी अक्षरांनी उच्चार लिहायचा आणि मराठी उमटायचे. विंडोजमध्ये ती २०१९ पासून आहे. मुलांना तीच आवडते. दुसरी इनस्क्रिप्ट. ही आपल्या अक्षरांसाठीच बसवलेली मांडणी आहे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा तिच्या कामात मोठा वाटा आहे आणि १९९१ साली ती भारतीय मानकात आली. मला स्वतःला ही दुसरी आवडते, आणि जिचे इंग्रजी माझ्यासारखे आहे तिने हीच शिकावी. इंग्रजी कळफलकावरची अक्षरे जुन्या टाइपरायटरवरून आलेली, क्रमाने नाहीत. ती शोधता शोधता मराठी शब्द विसरतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. क जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबले की ख. ग वर घ, त वर थ, प वर फ, ल वर ळ. बाराखडी ज्याने केली त्याने आपल्या शाळेतल्या बाईंना विचारून केली असावी इतके ते आपल्या ओळखीचे वाटते. जोडाक्षराला अक्षराचा पाय मोडायचा, त्याला एक वेगळी कळ आहे, इंग्रजी डीची. स्वयंपाक लिहायचा तर स, मग पाय मोडायची कळ, मग व. झाला स्व.

एक ठेच सगळ्यांना लागते. पहिली वेलांटी आपण कागदावर अक्षराच्या आधी काढतो, म्हणून इथेही आधी तीच दाबतो, आणि पडद्यावर एक ठिपक्यांचे वर्तुळ येऊन बसते. इथे आधी अक्षर, मागून वेलांटी. तोंडाने जसे म्हणतो तसे. किराणा म्हणजे आधी क, मग वेलांटी. आम्ही कळांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. दोन भाषांमध्ये ये-जा करायला विंडोजची खूण असलेले बटण दाबून ठेवून खालची लांब पट्टी दाबायची.

आता काय लिहायचे? मी म्हटले होते पाककृती लिहू. कोणी लिहिली नाही. पाककृती काय लिहायची, ती येतेच, असे त्यांचे म्हणणे. वरच्या आळीतल्या एका काकूंनी पहिल्याच दिवशी आपल्या गेलेल्या यजमानांचे नाव लिहिले, लग्नानंतर प्रथमच. नाव घेणे वेगळे, ते उखाण्यात घेतात. लिहायची वेळच आली नव्हती म्हणाल्या. मग त्या कंट्रोल आणि एस दाबून ते जपून ठेवायला शिकल्या. त्या दिवसापासून जपून ठेवणे मला कोणाला शिकवावे लागले नाही. फाइलीला नाव मात्र नीट द्यावे. डब्यावर चिठ्ठी नसली की हळदीच्या जागी डाळीचे पीठ, तशातली गत होते.

याच काकूंविषयी मी आरंभी बोलले. तिसऱ्या आठवड्यात त्या एका कळीशी पाच मिनिटे अडल्या होत्या. मागे दोघी ताटकळत होत्या, मला घरी दळणाची घाई. मी म्हटले, "काकू, द्या इकडे." आणि माऊस त्यांच्या हातातून घेतला. जे मला माझ्या मुलीने केले तेच मी माझ्या आईच्या वयाच्या बाईला केले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन आठवडे आल्या नाहीत. गुडघा दुखतो असा निरोप आला. मी घरी गेले, तर गुडघा ठीक होता. म्हणाल्या, "माझा मुलगा दूर असतो. पेन्शन किती जमा झाली, गॅसचे पैसे गेले का, सगळं तोच बघतो. चांगला आहे. पण मी विचारलं की म्हणतो, आई तुला कशाला त्याची काळजी. अग, पैसे माझे आहेत ना? मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. म्हणून येत होते." मी त्यांची क्षमा मागितली. तेव्हापासून वर्गात एक नियम आहे. शिकवणारीने हात पाठीमागे बांधायचे. तोंडाने सांगायचे, बोटाने दाखवायचे, पण माऊसला आणि कळांना शिवायचे नाही. मग दहा मिनिटे लागोत नाहीतर वीस. हा नियम मोडला तर डब्यात पाच रुपये टाकायचे. आजवर डब्यात पंचावन्न रुपये जमले आहेत, त्यांतले तीस माझे.

काकूंच्या मुलाने पुढे त्यांना स्वतःचा जुना लॅपटॉप दिला आणि त्यांनी घरी बसून आपले खाते पाहिले. दर वर्षी वीस रुपये कापले जातात हे त्यांना तिथे दिसले. घाबरून माझ्याकडे आल्या. तो त्यांनीच कधी काळी अर्जावर सही करून घेतलेला प्रधानमंत्री सुरक्षा विमा होता, अपघाताचा, दोन लाखांचा. त्या विसरल्या होत्या आणि मुलाला तो ठाऊकच नव्हता. आता कागद त्यांच्या कपाटात आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर आता मी जरा कडक बोलणार आहे. इतका वेळ सांगितले की बिनधास्त हात लावा. जिथे पैशाचा संबंध आला तिथे उलटे. तिथे उसवता येत नाही. मंडळाच्या लॅपटॉपवर बँकेचे काम कोणी करायचे नाही, कितीही निकड असो; दहा जणींच्या हातातली वस्तू आहे ती. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. पैसे आपल्याकडे येणार असतील तर पिन घालावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून लॅपटॉपमध्ये काही उतरवून घ्यायचे नाही, कारण त्या वाटेने त्याला आपला पडदा तिकडे बसून दिसतो. मला हे तेवीस हजारांना कळले, तुम्ही फुकट घ्या.

कधी कधी एखादे पान पाहता पाहता सगळा पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि लिहून येते की तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या नंबरावर फोन करा. ती दरडावणी खोटी असते. खरा लॅपटॉप फोन करायला सांगत नाही. फोन करायचा नाही, सुरू करायचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचे, तो बंद होतो. भोंगाही बंद. तसेच पोलीस म्हणून पडद्यावर येऊन "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, खोलीतून हलू नका" म्हणणारे. अशी अटक कायद्यात नाहीच. खुद्द पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरात रेडिओवर हे सांगितले होते. तरी एकटी बाई घरी असली की पाय गळतात, मला ठाऊक आहे. अशा वेळी काही न बोलता फोन ठेवून शेजारणीचे दार ठोठवावे. आणि पैसे गेलेच तर लाजू नये. त्याच क्षणी १९३० या नंबरावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात, म्हणून जितके लवकर कळवू तितके अडवता येण्याची आशा. आम्ही लाजेपायी रात्रभर गप्प बसलो. सकाळी काही उरले नव्हते.

सांकेतिक शब्द वहीत लिहावेत की नाही यावर वाद आहे. शिकलेले लोक लिहू नका म्हणतात. माझे मत निराळे आहे. लिहायचे नाही म्हटले की बायका सगळीकडे नातवाचे नाव आणि जन्मसाल घालतात, ते साऱ्या गल्लीला ठाऊक असते. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवून, वहीत लिहून, ती वही कपाटात दागिन्यांजवळ कुलपात ठेवावी. लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवू नये, इतकेच. बँकेचा पिन मात्र वहीतही नको.

मुलांनी दिलेले जुने लॅपटॉप हल्ली पुष्कळ घरी आले आहेत. त्यांत विंडोज १० असेल तर तिचा नेहमीचा सांभाळ मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, हे ध्यानात असू द्या. यंत्र चालते, लिहिणे, रांगोळी सगळे होते. बँकेसाठी वापरण्यापूर्वी मात्र जाणत्याला दाखवून घ्यावे.

सगळेच काही भीतीचे नाही. निवृत्त शिक्षिकाबाई आपल्या वर्गात आल्या त्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी संपादन सुरू केलेला विश्वकोश वाचायला. ते जाडजूड खंड आता तिथे फुकट वाचता येतात. आणि आमच्या एका मावशींना जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या. हेमा रायरकर आणि गी पॉयटवँ या दोघांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. पारी नावाची संस्था त्या २०१७ सालापासून सर्वांसाठी प्रसिद्ध करीत आहे. ऐकताही येतात. मावशींनी एक लावली, डोळे मिटले आणि उजवा हात जाते ओढावे तसा गोल फिरू लागला. खोलीत कोणी बोलले नाही. मग म्हणाल्या, "ही आमच्याकडे वेगळी म्हणतात," आणि त्यांनी आपली म्हटली. ती आम्ही त्यांच्याकडूनच टंकून घेत आहो. आठ झाल्या आहेत. पन्नास होतील तेव्हा छापून मंडळाच्या कपाटात ठेवू.

वर्ग मंगळवारी आहे, तीन वाजता. ज्या चौघी येईनाशा झाल्या त्यांपैकी काकू परत आल्या. राहिलेल्या तिघी इथे बसल्या आहेत, नावे घेत नाही, त्यांनीही यावे. पाठ टेकायला येईल अशी एक खुर्ची कोणाकडे जास्तीची असेल तर हवी आहे. चष्मा विसरू नका, आणि बांगड्या थोड्या वर सारून या.